प्लॉट घेऊ, फ्लॅट घेऊ की घरच्याच खोल्या काढू?

जमीनजुमल्यात पहिल्यांदाच पैसे घालायला निघालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: नक्की कुठला मार्ग धरायचा? बोलणं पुढे गेलं की कळतं, मार्ग कुठला यापेक्षा आयुष्याची पुंजी अडकून बसेल, याचीच धास्ती जास्त आहे. गुहागर तालुक्यातल्या एका जोडप्याचा अनुभव सांगते. नावं बदलली आहेत.

प्रकाशराव मुंबईतली कंपनी बंद पडल्यावर गावी परतले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात 18 लाख. सुनीतावहिनी अंगणवाडी सेविका, मुलगा बारावीत. प्रकाशरावांनी वेळणेश्वरच्या बाजूला समुद्राजवळ पाच गुंठे बघून ठेवले होते. मेहुण्याचा आग्रह चिपळूणच्या फ्लॅटचा. वहिनींच्या मनात मात्र राहत्या घराच्या मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचं होतं. रोज रात्री जेवताना यावरून वाद.

"मॅडम, आत्ता नाही घेतलं तर परत हाताला लागायचं नाही," प्रकाशराव म्हणाले. "सागरी महामार्ग झाला की भाव बघा कुठे जातात." वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांना बोलतं करायला वेळ लागला. मग एकदम म्हणाल्या, "पोराच्या ॲडमिशनला पैसे लागले तर ते गुंठे विकून येणारेत का लगेच?"

मी त्यांना आधी एकच आकडा काढायला लावला: पाच वर्षं हात लावावा लागणार नाही, असे पैसे किती? मुलाच्या शिक्षणाचे 5 लाख, आजारपण-अडीअडचणीचे 2 लाख बाजूला काढले. उरले 11. प्रकाशराव त्या कागदाकडे बघतच राहिले. ते मनात 18 लाख धरून चालले होते.

फ्लॅटचा हिशोब लवकर झाला. किंमत 35 लाख, त्यातले 25 लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 21,700 रुपयांच्या आसपास, आणि त्या भागात भाडं मिळणार आठ हजार. वरचा फरक दरमहा अंगणवाडीच्या मानधनातून भरायचा? शिवाय ती इमारत 22 जुलै 2021 च्या पुरात पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होती, हे मेहुण्यांनी सांगितलंच नव्हतं.

प्लॉटसाठी मी त्यांना सातबारा आणि सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलत गेल्याच्या नोंदी, घेऊन यायला सांगितलं. उताऱ्यावर विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव आणि पुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.'. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, हक्क भावाबहिणींच्या सगळ्या शाखांचा, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबई-ठाण्यात. जमीन बिगरशेती, म्हणजे एनए, झालेली नव्हती; एजंट सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो म्हणत होता. त्यातून तुकडा किनाऱ्याला लागून. ग्रामीण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्रात, म्हणजे नवं घर बांधता न येणाऱ्या भागात, येतो. तिथे पैसे घालून नुसतं समुद्राकडे बघत बसावं लागलं असतं.

प्लॉट वाईट असतो, असं मी मुळीच म्हणत नाही. पगार चालू आहे, दहा वर्षं पैशांची घाई नाही, सातबारा स्वच्छ आहे आणि एनएचा आदेश हातात आहे, अशा माणसाला मी प्लॉटच घ्या म्हणेन. नवख्या माणसाने परतावा किती हे विचारण्याआधी, व्यवहार फसला तर मी किती दिवस तग धरेन, हे स्वतःला विचारावं असं मला मनापासून वाटतं. प्रकाशरावांचं उत्तर होतं, सहा महिने.

राहिल्या खोल्या. ही गुंतवणूक कमी आणि धंदा जास्त, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. दिवाळी ते मे गिऱ्हाईक, तेही बहुतेक शनिवार-रविवारचं, पावसाळ्यात शुकशुकाट. चादरी धुणं, पाण्याची टाकी, खाऱ्या वाऱ्याने गंजणारे एसी. वहिनींना यातलं काही नवं नव्हतं. पण घर कोणाच्या नावावर, असं विचारल्यावर प्रकाशराव थांबले. असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला, अजून वडिलांचंच नाव, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन भाऊ, डोंबिवलीला दिलेली एक बहीण. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर जे दिसलं, तेच घरात होतं.

सगळा पावसाळा वारसनोंद आणि भावंडांची समजूत घालण्यात गेला. बहिणीला वाटलं, दादा घर बळकावतोय. वहिनी स्वतः डोंबिवलीला जाऊन तिच्याकडे राहून आल्या. शेवटी मागची जागा प्रकाशरावांची आणि पुढचं घर सगळ्यांचं, असं रजिस्टर वाटपपत्र झालं, मगच बांधकामाचा चिरा (जांभा दगड) उतरला. दोन खोल्यांना सहा लाख लागले. उरलेले पाच लाख मुदत ठेवीत आहेत, आणि मुलाची ॲडमिशन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं दोघांनी ठरवलंय. प्लॉटचा विषय प्रकाशरावांनी सोडलेला नाही. पुढच्या वर्षी ते गुहागर बाजारपेठेच्या जवळ, एनए झालेला बघणार आहेत.