कुस्तीआधी जोर मारायलास, पण किती?

अरे भावा, आनंदवाडीत कुस्ती धरायच्या आधी दमेपर्यंत जोर-बैठका कशाला मारायलास? थोडं जोरात काम केलं की मायोसिनला (स्नायूतलं खेचणारं प्रथिन) फॉस्फेट चिकटतो, स्नायू तेवढ्याच कॅल्शियमवर (स्नायूला आखडायचा इशारा देणारं) जास्त खेचतो, पण हा फायदा काही मिनिटांचाच आणि थकवा त्याच्यावर बसला की गेलं सगळं. म्हणून चार-पाच जोरकस मार, जरा थांब, मग उतर.

दुसरं, पकड घेताना हात पार सरळ सोडू नको बघ. स्नायू जास्त ताणला की अ‍ॅक्टिन-मायोसिनचे, म्हणजे स्नायूतल्या प्रथिनांचे, धागे एकमेकांवर कमी येतात, फार आखडला तरी ताकद कमीच. बेडकाच्या स्नायूवर १९६६ मध्ये मोजलेलं, सार्कोमिअर (स्नायूतला आखडणारा सगळ्यात बारका तुकडा) २ ते २.२ मायक्रोमीटरला फुल ताकद, ३.६५ ला जवळजवळ शून्य! आपले आकडे थोडे वेगळे, तत्त्व तेच की. कोपर जरा वाकवूनच धर.