लॉगिन कुणाचं, बसलं कोण?

प्रश्न (सेलू, जि. परभणी): आमच्या जिनिंगच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर तिघं काम करतात. कोण किती वाजता बसलं, उठलं हे कळेल का? सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का?

एक रुपयाही घालवू नका. विंडोज ही नोंद आपणहून ठेवतं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिक्युरिटी’ घ्या आणि ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये ४६२४ व ४६४७ हे आकडे टाका. पहिला लॉगिनचा, दुसरा माणसानं स्वतः केलेल्या साइन आउटचा.

यादी बघून बिचकू नका. ऑफिसात कुणी फिरकलेलं नसतानाही ४६२४ च्या ढीगभर नोंदी पडतात. नोंद उघडून ‘लॉगऑन टाइप’ बघा. ५ म्हणजे विंडोजच्याच सर्व्हिस (मागे आपोआप चालणारे प्रोग्राम), ३ म्हणजे नेटवर्कवरून. ते सोडून द्या. तुमच्या कामाचे २ (समोर बसून लॉगिन), ७ (लॉक उघडलं) आणि १० (रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन). मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर २ च्या जागी ११ सुद्धा दिसतो. एवढं निवडत बसायचं नसेल तर ‘सिस्टिम’ लॉगमध्ये ७००१ (लॉगिन) आणि ७००२ (साइन आउट) शोधा. तिथं गर्दी कमी असते.

आता खरी गोम. तिघं एकाच खात्यावर बसत असतील आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असेल, तर लॉग कितीही वाचा, हाती काही लागणार नाही. नोंद खात्याची होते, माणसाची नाही. आधी तीन खाती करा. सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. हंगामभराचा हिशेब हवा असेल तर ‘प्रॉपर्टीज’मधून ती वाढवून घ्या.

प्रश्न (अंबाजोगाई): पतसंस्थेत लाईट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद होतो. मॅनेजर म्हणतात, तुमचं लॉगआउटच दिसत नाही, म्हणजे तुम्ही तसेच उठून गेलात.

साहेबांना ‘सिस्टिम’ लॉग उघडून दाखवा. वीज गेल्यावर लॉगआउटची नोंद लिहायला विंडोजला सवडच मिळत नाही. मशीन पुन्हा सुरू झालं की ६००८ आणि ४१ या नोंदी पडतात: मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ६००८ मध्ये ती वेळही लिहिलेली असते. हे दाखवूनही पटलं नाही तर यूपीएस मागा, तेही संस्थेच्या खर्चानं.

प्रश्न (लातूर): जेवायला जाताना मी स्क्रीन लॉक करते. ती वेळ दिसते का?

आपोआप नाही. लॉकची नोंद ४८०० आणि उघडल्याची ४८०१, पण त्यासाठी ऑडिट पॉलिसीत (कशाकशाची नोंद ठेवायची हे ठरवणारी विंडोजची सेटिंग) ‘अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स’ चालू करावं लागतं. मालकांनी ते केलं असेल तर कर्मचाऱ्यांना तसं सांगायला हवं; चोरून टिपलेल्या वेळेवर पगार कापणं मला तरी पटत नाही.

प्रश्न (नांदेड): कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) आहे. तिथं काय करायचं?

टर्मिनल उघडून ‘लास्ट’ (last) ही कमांड द्या. कोण, कधी आलं आणि किती वेळ होतं, सगळं समोर येतं. ‘लास्टबी’ (lastb) लॉगिनचे फसलेले प्रयत्न दाखवते, पण त्याला रूटचे, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, अधिकार लागतात.