मधली बारा वर्षं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आपल्याकडे ना पद, ना ओळख. मग बालविवाहावर आपलं कोण ऐकणार, असं तू विचारतेस. म्हणून तुला ग्रासा माशेल यांच्याविषयी लिहिते. मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या त्या पत्नी. पुढे १९९८ मध्ये नेल्सन मंडेलांशी लग्न झालं आणि त्या दक्षिण आफ्रिकेच्याही प्रथम महिला झाल्या. लोक त्यांची ओळख इथेच संपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांचं सर्वांत मोठं काम मधल्या बारा वर्षांतलं आहे. सामोरा १९८६ मध्ये विमान अपघातात गेले. युद्धाचा मुलांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ग्रासाबाईंवर सोपवला, तेव्हा त्या कुणाही सत्ताधीशाच्या पत्नी नव्हत्या. पण विषय त्यांनी जवळून पाहिला होता. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला, तेव्हा तिशी उलटायच्या आतच त्या शिक्षणमंत्री झाल्या. देशातली दहातली नऊ माणसं निरक्षर होती. शाळा उभ्या राहिल्या, पट वाढला, आणि यादवी युद्धात रेनामोच्या बंडखोरांनी त्याच शाळा जाळल्या, मुलं पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या.

अभ्यासासाठी त्या रवांडा, अंगोला, सिएरा लिओन, कंबोडिया, कोलंबिया, लेबनॉन अशा देशांत फिरल्या. १९९६ मध्ये अहवाल आमसभेपुढे आला. तो मिळवून वाच. दशकभरात अंदाजे वीस लाख मुलं युद्धांत मारली गेली, हा आकडा त्यात आहेच. पण माझ्या मनातून जात नाही ती दुसरीच नोंद. युगांडात तेव्हा एके-४७ बंदूक कोंबडीच्या किमतीला मिळायची. दहा वर्षांच्या मुलाला बंदूक इतक्या सहज कशी मिळते, हे त्या एका ओळीत कळतं.

आणि मागणी नेमकी होती. तोवरच्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात सैन्यभरतीची किमान मर्यादा १५ वर्षं होती. ती १८ करा. दुसऱ्या वर्षी युद्धग्रस्त मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांचा खास प्रतिनिधी नेमला गेला. २००० मध्ये नवा करार झाला, तोही तडजोडीचा: सक्तीची भरती आणि प्रत्यक्ष लढाई यांना १८, पण सरकारी सैन्यात स्वेच्छेने जायला १६ चालतात. अर्धी मागणी पदरात पडली तरी ती घ्यायची आणि उरलेली लावून धरायची, हे मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मंडेलांनी २००७ मध्ये स्थापलेल्या ज्येष्ठ नेत्यांच्या ‘द एल्डर्स’ या गटात ग्रासाबाईंसोबत ‘सेवा’ संघटनेच्या आपल्या इला भट्टही होत्या. बालविवाहाविरुद्ध जगभरातल्या संस्थांची आघाडी २०११ मध्ये याच गटाने उभी केली. म्हणजे तुझा विषय त्यांच्याही ओळखीचा आहे.

आता तुझं. बीडला जाणार आहेस, तर आधी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांशी बोल. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतो, म्हणून लग्न लवकर उरकतं. मुलीला गावी एकटी ठेवायची भीती वेगळीच. भाषणाची तयारी इतक्यात नको. मजुरांच्या मागे राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह कुठल्या गावात आहे, कधी उघडतं, तिथे मोठ्या मुलींना जागा मिळते का, हे लिहून काढ. मग ग्रामसभेत काय मागायचं ते एका वाक्यात मांड आणि दिवाळीआधी मला पाठव. तेव्हाच ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडायला लागतात.

तुझी,
ताई