कुत्र्यांसाठी वर्षभर पुरणारं इंजेक्शन बनवायचंय; पुन्हा व्हेटर्नरी करू का?

प्रश्न : मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी कुत्री आहे, तिची महिन्याची हार्टवर्मची (हृदयात होणाऱ्या जंतांवरची) गोळी द्यायची हमखास राहून जाते. एकदा टोचलं की औषध महिनोन्‌महिने झिरपत राहील आणि बाकीचं अंगातच विरून जाईल, अशा इंजेक्शनांवर मला काम करायचंय. त्यासाठी व्हेटर्नरीला प्रवेश घ्यावा की पॉलिमरमध्ये एम.एस्सी. करावी? गणित जेमतेम आहे.

उत्तर : व्हेटर्नरी नको. जनावर तपासायची, उपचार करायची ओढ असेल तर तो रस्ता. तुला हवंय ते काम कुत्र्यापासून बरंच लांब चालतं. स्टररजवळ, एचपीएलसीजवळ (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राजवळ) आणि सहा-सहा महिने संपत नाही अशा एका आलेखाजवळ. एम.फार्म. फार्मास्युटिक्समध्ये कर, लागतं तेवढं पॉलिमर तिथेच शिकता येतं.

शिवाय पॉलिमरच लागतो असंही नाही. अमेरिकेत 2001 साली आलेल्या प्रोहार्ट 6 मध्ये मॉक्सिडेक्टिन हे औषध ग्लिसरिल ट्रायस्टिअरेट या मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं आहे. मात्रा किलोला 0.17 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला सहा महिन्यांसाठी अवघं 3.4 मिलिग्रॅम. 2019 मध्ये त्याचाच वर्षभराचा अवतार आला, त्याची मात्रा किलोला 0.5 मिलिग्रॅम. मुदत दुप्पट, औषध जवळजवळ तिप्पट! हे असं का, याचा विचार करत बसायला आवडणार असेल तर तू योग्य ठिकाणी आली आहेस. वर्षभराचं इंजेक्शन बारा महिन्यांखालच्या पिल्लाला देत नाहीत, त्याचं एक कारण सोपं आहे: वजन वाढत जातं, टोचलेली मात्रा तेवढीच राहते.

यातलं सहा महिन्यांचं इंजेक्शन 2004 मध्ये दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे बाजारातून मागे घेतलं गेलं आणि 2008 मध्ये अटींसह परतलं. गोळीचा त्रास झाला तर पुढची गोळी थांबवता येते; टोचलेला साठा काढून घेता येत नाही. म्हणून या क्षेत्रात सुरक्षिततेच्या चाचण्या आणि नियामक कागदपत्रं यांनाच अर्धं आयुष्य जातं. तिथल्या नोकऱ्याही खऱ्या आहेत, त्यांना कमी लेखू नकोस.

आता स्वतःची परीक्षा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे मायक्रोस्फिअर, म्हणजे औषध भरलेल्या सूक्ष्म गोळ्या, बनव. 500 मिलिग्रॅम पीएलजीए (अंगात विरून जाणारं पॉलिमर) आणि 50 मिलिग्रॅम औषध 5 मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळव. 100 मिलिलिटर पाण्यात 1 टक्का पीव्हीए (थेंब एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर). ही पूड गार पाण्यात भुरभुरवून मग तापवायची. थेट गरम पाण्यात टाकलीस तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. द्रावण गार होऊ दे, मग जोरात ढवळत असताना औषधाचं द्रावण बारीक धारेनं सोड. फ्यूमहूडमध्ये (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) तीन-चार तास ढवळत ठेव, गाळ, तीनदा धू, सुकव. कंटाळून स्टरर लवकर बंद केलास तर आत सॉल्व्हंट (डायक्लोरोमिथेन) उरतो, गोळ्या मऊ राहतात आणि सकाळी तळाशी एकच गोळा सापडतो. औषध हावरटासारखं जास्त भरलंस तर ते पृष्ठभागावर येऊन बसतं आणि पहिल्याच दिवशी भसकन सुटतं.

खरी गंमत रिलीजच्या, म्हणजे औषध किती वेगानं सुटतं याच्या, चाचणीत आहे. 7.4 पीएचचा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), तापमान 37 अंश (कुत्र्याचं 38-39 असतं, त्या तापमानाला एकदा करून बघ), जंतू वाढू नयेत म्हणून 0.02 टक्के सोडियम अझाइड. तास, दिवस, आठवडा असे नमुने काढायचे. आयव्हरमेक्टिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बफरमध्ये ट्वीन 80 सारखं सरफॅक्टंट (साबणासारखं विरघळायला मदत करणारं द्रव्य) घातलं नाहीस तर बफर लगेच संपृक्त होतो, आलेख आडवा पडतो आणि विद्यार्थी आनंदानं लिहितात, "उत्तम स्लो रिलीज." औषध सुटत नव्हतं, कारण त्याला जायला जागाच नव्हती! बफरचा पीएचही मोजत राहा. पीएलजीए तुटताना आम्ल तयार होतं, ते सूक्ष्म गोळीच्या आत साठतं आणि तुटणं आणखी वेगानं होतं. म्हणून महिनाभर सरळ चाललेली रेघ अचानक वर उसळते.

आणि हे कागदावर लिहून ठेव: प्रयोगशाळेतलं काहीही घरच्या कुत्रीला टोचायचं नाही. ते निर्जंतुक नसतं. शिवाय कोलीसारख्या जातींत एमडीआर1 या, औषध मेंदूबाहेर ठेवणाऱ्या जनुकात बिघाड असलेली कुत्री असतात, त्यांना आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेनं मेंदूवर विषबाधा होते. निर्जंतुकीकरण हा तर स्वतंत्र विषय आहे. 20 ते 100 मायक्रॉनचे कण 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून जाणार नाहीत, 121 अंशांना पीएलजीए टिकणार नाही, गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणून सगळं सुरुवातीपासून निर्जंतुक वातावरणात बनवावं लागतं. ही उत्पादनाची बाजू येणारी माणसं कमी, मागणी जास्त.

गणिताची धास्ती सोड. लॉगॅरिदम, आलेखाचा चढ, वक्राखालचं क्षेत्रफळ आणि थोडं सांख्यिकी, एवढं पक्कं हवं. आलेखाची शेपटी वाचता आली पाहिजे. मुदत संपत आली की रक्तातलं औषध कमी होत जातं. त्या काळात शिरलेल्या हार्टवर्मच्या अळ्यांपैकी चिवट असतील त्या वाचतात आणि पुढे औषधाला न जुमानणारी पिढी तयार होऊ शकते.

प्राण्यांच्या औषधांचं क्षेत्र लहान आहे, हे खरं. पण पीएलजीए मायक्रोस्फिअरमधलं ल्युप्रोलाइड हे संप्रेरकांवर काम करणारं औषध माणसांसाठी 1989 पासून वापरात आहे. तंत्र तेच, त्यामुळे दार एकच नाही.

तुझ्या कुत्रीची राहिलेली गोळी मात्र आजच डॉक्टरांना विचारून मार्गी लाव. गोळी मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते. साधारण दोन महिन्यांपुढच्या अळ्यांवर तिचा जोर कमी पडतो. त्यामुळे आधी रक्ततपासणी करायची का, हे तेच ठरवतील.

एम.फार्म.साठी गाइड निवडताना त्यांना एकच विचार: तुमच्याकडे सर्वांत लांबलेला रिलीज अभ्यास किती दिवसांचा होता? "चोवीस तास" असं उत्तर आलं, तर ती गोळ्यांची प्रयोगशाळा आहे. पुढची शोध.