मेदिया नारांखा : अर्धं संत्रं की अर्धांगिनी?

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. सरावात वाक्य आलं, 'पोर फिन मार्ता एन्कोन्त्रो आ सु मेदिया नारांखा.' तिनं लिहिलं, 'शेवटी मार्ताला तिचं अर्धं संत्रं सापडलं.' वर्ग हसला. आता ती विचारते, तिथं 'अर्धांगिनी' लिहू का?

नको. मार्ताला अर्धांगिनी सापडली म्हटलंस तर वर्ग पुन्हा हसेल.

'मेदिया' म्हणजे अर्धी, 'नारांखा' म्हणजे संत्रं. शब्दशः अर्थ तू लिहिलास तोच, आणि तो रोजच्या वापरातला आहे. पाककृतीत 'एल सुमो दे मेदिया नारांखा' दिसलं की अर्ध्या संत्र्याचा रस काढायचा, प्रेमाबिमाचा तिथं संबंध नाही. इथं इंग्रजीतून स्पॅनिशकडे गेलेली मंडळी मध्ये 'उना' (म्हणजे 'एक') घुसडतात. आपण मराठीत 'एक अर्धं संत्रं दे' म्हणत नाही, नुसतं 'अर्धं संत्रं दे' म्हणतो. स्पॅनिशही तसंच. थेट मराठीतून गेलीस तर चुकणार नाहीस.

लाक्षणिक अर्थ : आपल्याशी नेमकं जुळणारं माणूस. नवरा, बायको, प्रियकर, प्रेयसी, कुणीही. नारांखा स्त्रीलिंगी आहे म्हणून पुरुषाला म्हणताना काही बदलत नाही, नवराही 'मेदिया नारांखा'च. शिवाय हे माणूस शोधता येतं. 'अजून मेदिया नारांखा मिळाली नाही' असं अविवाहित माणूस खुशाल म्हणतो. आपली अर्धांगिनी लग्न लागल्यावरच होते आणि फक्त बायकोच असते. तुझ्या वाक्याला 'शेवटी मार्ताला मनाजोगता जोडीदार मिळाला' हे पुरे. फळ जातं, पण अर्थ राहतो.

आता त्या वाक्यातल्या एवढ्याशा 'आ'कडे बघ. उत्तर त्यातच होतं. स्पॅनिशमध्ये कर्म म्हणजे ठरावीक माणूस असेल तर त्याच्याआधी 'आ' येतो, वस्तूआधी येत नाही. आपण 'मी आंबा पाहिला' पण 'मी रमेशला पाहिलं' म्हणतो, त्यातला '-ला' आठव. मार्ताला टोपलीत खरोखरचं फळ सापडलं असतं तर हा 'आ' आला नसता. दर वेळी तो असेलच असं नाही, विशेषतः 'शोधणे' या क्रियापदाबरोबर पुष्कळदा गळतो. पण दिसला की समजावं, माणसाबद्दल चाललंय.

तिसरा अर्थ वास्तुशास्त्रातला. चर्चच्या अर्धगोल घुमटालाही 'मेदिया नारांखा' म्हणतात. संत्रं आडवं कापून पालथं ठेव, झाला घुमट.

माणसाला अर्धं संत्रं का म्हणायचं? हमखास ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या प्रेमावरच्या संवादाकडे बोट दाखवलं जातं. त्यात अॅरिस्टोफेनिस हा नाटककार सांगतो, की माणसं आधी गोल होती, चार हात, चार पाय. देवांचा राजा झ्यूस, त्यानं त्यांचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक अर्धा आपला दुसरा अर्धा शोधतोय. गोष्ट झकास जुळते, पण तिथं संत्रं नाही. झ्यूस माणसं चिरतो ती टिकवण्यासाठी फळं चिरावीत तशी, किंवा केसानं अंडं कापावं तशी! प्लेटोच्या ग्रीसमध्ये संत्रं पोचलंच नव्हतं. कल्पना तिथली असेलही, फळ मात्र स्पेनमध्ये चिकटलं असं मला वाटतं.

आणि ते फळ गेलं आपल्याकडून. संस्कृत 'नारङ्ग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', तिथून स्पेनमध्ये 'नारांखा'. अरबांनी नेलं ते कडू संत्रं, गोड जात नंतरची. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये आजच्या 'ख'च्या जागी 'झ'च्या जवळचा उच्चार होता, तो सोळाव्या-सतराव्या शतकात घशाकडे सरकला. तेव्हाचा 'नारांझा' ऐकून आपल्या आजीनं 'नारिंग का?' असं नक्की विचारलं असतं. आपल्याकडे संत्र्यानं नारिंगाला हुसकलं. उरला नारिंगी रंग, आणि 'मोसंबी-नारंगी' म्हटलं की देशी दारूची बाटली.

जाता जाता आणखी एक, कारण हे परीक्षेत येणार नाही पण बोलण्यात येईल. 'नारांखास दे ला चीना', शब्दशः 'चीनची संत्री'. 'त्यानं पैसे परत केले का?' याला हे उत्तर मिळालं तर टोपली घेऊन धावू नकोस. मराठीत त्याला एकच शब्द आहे : डोंबल!