पहिल्यांदा वकिलाकडे जाताना

प्रश्न : माझं वय 36, खासगी कंपनीत नोकरी. लग्नाला 9 वर्षं झाली. लग्न वैदिक पद्धतीनं झालं, नोंदणी केलेली नाही. मुलगी 6 वर्षांची आहे. कांदिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. कर्जाचा हप्ता मिस्टरांच्या खात्यातून जातो आणि माझा पगार घरखर्चात जातो. दागिने ज्या लॉकरमध्ये आहेत तो मिस्टर आणि सासूबाईंच्या नावावर आहे. गेले 14 महिने आम्ही एकाच घरात, पण वेगळ्या खोल्यांत राहतो. येत्या शनिवारी घटस्फोटासाठी वकिलांना पहिल्यांदा भेटणार आहे. काय कागद नेऊ? काय बोलू? भाऊ म्हणतो, आधी मुलीला घेऊन साताऱ्याला ये, वकिलाचं मग बघू. घरी अजून कुणाला कल्पना नाही.

उत्तर : ताई, शनिवारची भेट होईपर्यंत घर सोडू नका. भावाचा जीव तुटतोय हे समजतं, पण तुमचे सगळे कागद त्या घरातल्या कपाटात आहेत आणि मुलीची शाळा कांदिवलीत आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 नुसार त्या घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाहेर पडल्यानं तो संपत नाही, पण परत आत जायला कोर्टाचा आदेश आणावा लागतो आणि त्यात महिने जातात. याला अपवाद एकच. मारहाण होत असेल किंवा होण्याची भीती असेल, तर कागद, शाळा काही बघू नका. मुलीला घेऊन निघा आणि 112 किंवा महिलांच्या 181 या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तयारी. सगळ्यात मोलाचा कागद तुमच्याकडे अजून नाही, तो तुम्हालाच लिहायचा आहे : तारीखवार हकिकत. दोन-तीन पानं पुरतात. ‘सतत अपमान करतात’ या वाक्यावर अर्ज उभा राहत नाही. ‘2023 चा गणपती, दुसरा दिवस, संध्याकाळच्या आरतीनंतर, माझ्या आईवडिलांसमोर अमुक शब्द वापरले, चुलत सासूबाई हजर होत्या, रात्री बहिणीला मेसेज केला, तो फोनमध्ये आहे’ यावर उभा राहतो. प्रत्येक प्रसंगाला केव्हा, कुठे, कोण हजर, पुरावा काय, एवढं लिहा. तारीख आठवत नसेल तर अंदाजानं ठोकू नका, ‘मुलीच्या पहिलीच्या ॲडमिशनच्या सुमारास’ असं लिहा. चुकीची तारीख उलटतपासणीत पकडली गेली, की बाकीच्या खऱ्या तारखांवरही शंका घेतली जाते.

याच हकिकतीत जे तुमच्या विरुद्ध जातं तेही लिहा. तुम्ही रागात पाठवलेले मेसेज, कधी हात उचलला असेल तर ते, आईच्या नावावर ठेवलेली एफडी, मधल्या काळात सगळं विसरून केलेली सहल. सहलीचं महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. त्रासानंतरही तुम्ही पती-पत्नी म्हणून पूर्ववत राहिलात, तर ‘तिनं माफ केलं होतं’ असा बचाव समोरचा वकील हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 खाली घेतो. तुमच्या वकिलाला हे आधी कळलं तर उत्तर तयार ठेवता येतं. तुम्ही सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट वकील तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगू शकत नाही. म्हणूनच भाऊ सोबत आला तरी त्याला थोडा वेळ बाहेर बसवा. त्याच्यासमोर अर्ध्या गोष्टी तुमच्या तोंडून निघणार नाहीत.

वेगळ्या खोल्यांतल्या 14 महिन्यांना अर्थ आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे त्याच कायद्याच्या कलम 13ब साठी, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच स्पष्ट केलंय की एका छपराखाली राहूनही पती-पत्नी ‘वेगळे’ राहत असू शकतात. अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या निकालापासून ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, पण साधारणपणे अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं आणि पोटगी, मुलीचा ताबा हे विषय मिटलेले असावेत. तुम्हाला दीड वर्षाला चार महिने कमी आहेत. मिस्टर संमती देतील असं वाटत असेल, तर अर्ज आत्ता की चार महिन्यांनी, हे शनिवारी जरूर विचारा.

नोंदणी नाही म्हणून घाबरू नका, लग्न त्यामुळे अवैध ठरत नाही. लग्नपत्रिका, सप्तपदीचे फोटो, पासपोर्ट किंवा रेशनकार्डावर पतीचं नाव, एवढं न्या.

पैशांचे कागद मात्र नीट जमवा. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्या सॅलरी स्लिप, फॉर्म 16, तीन वर्षांची रिटर्न्स आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स काढा. मिस्टरांचे जे कागद घरात सहज हाती लागतात त्यांचे फोटो घ्या. त्यांचा मोबाइल किंवा ईमेल पासवर्ड टाकून उघडू नका, ते तुमच्यावरच उलटेल.

फ्लॅटसाठी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (मागची बाजूही), कर्जाचं मंजुरीपत्र आणि आजची बाकी दाखवणारं स्टेटमेंट हवं. आपल्याकडे घटस्फोट झाला की घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. कागदावर नाव कुणाचं आणि पैसा कुणी घातला, यावर वाद चालतो. ‘हप्ता मी भरला’ असं मिस्टर म्हणतील. तेव्हा शाळेची फी, किराणा, सोसायटीचं मेंटेनन्स, लाइटबिल तुमच्या पगारातून गेलं म्हणूनच तो हप्ता भरता आला, हे तुमचं स्टेटमेंट बोलेल. त्या नोंदींवर पिवळ्या पेनानं खूण करून न्या. कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर घटस्फोटानंतरही बँक तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते, कारण तुमच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानं, म्हणजे कोर्टाच्या निकालानं, बँक बांधली जात नाही. आणि हक्कसोड पत्रावर, कोऱ्या कागदावर, नोटरीकडच्या ‘आपसातल्या घटस्फोटा’वर सही नको. नोटरीसमोर हिंदू लग्न मोडत नाही.

दागिन्यांचा लॉकर बँक तुम्हाला उघडू देणार नाही, म्हणून यादी आताच करा. पाटल्या, तोडे, ठुशी, मोहनमाळ, जे असेल ते एकेका ओळीत : अंदाजे वजन, कुणी दिलं, शेवटचं कधी पाहिलं. शेजारी लग्नाच्या अल्बममधला तो दागिना दिसणारा फोटो, आणि सराफाची पावती आईकडे असेल तर तिची झेरॉक्स. स्त्रीधन तुमचं एकटीचं आहे, कुणाच्याही लॉकरमध्ये असलं तरी.

मुलीच्या बाबतीत, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हा नियम तिच्या वयामुळे आता लागू पडत नाही. कोर्ट तिचं हित बघेल. शाळेच्या डायरीवरच्या सह्या, पालकसभेचे मेसेज, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ठेवा. यातून रोज तिचं कोण करतं ते दिसतं. तिला मात्र वकिलाकडे नेऊ नका.

फोनबद्दल दोन गोष्टी आजच करा. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये घरचा लॅपटॉप जोडलेला नाही ना ते बघा, आणि वकिलांसाठी नवा ईमेल उघडा. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, एकही मेसेज पुसू नका आणि तो फोन विकू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात कुठल्या उपकरणातून मजकूर काढला ते लिहावं लागतं.

मुंबईत अनेकांना वाटतं, फोर्टमधला मोठा सॉलिसिटरच हवा. वांद्रे पूर्वेच्या कौटुंबिक न्यायालयात रोज उभा राहणारा, तिथल्या विवाह समुपदेशकांची पद्धत माहीत असलेला वकील तुमच्या जास्त उपयोगाचा. त्यांना विचारा : तारखेला तुम्ही स्वतः याल की ज्युनियर? फी एकरकमी की तारखेप्रमाणे, आणि त्यात अंतरिम पोटगीचा अर्ज धरला आहे का? मिळणाऱ्या पोटगीत टक्के मागणाऱ्याकडून उठून या, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

शनिवारी फक्त झेरॉक्स न्या. मूळ कागद घरातून हलवायचे असतील तर एकदम नको, एकेक करून ऑफिसच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये जाऊ द्यात. वकीलपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं कोर्टात उभं राहण्याचा अधिकार वकिलाला देणारा कागद, पुढे आलं तर घरी नेऊन वाचा. सही पुढच्या भेटीत केली तरी चालते.