वाचक विचारतात : प्रदर्शनातला स्टॉल, वीज आणि आवराआवरीची रात्र

प्रश्न : आमचा डोंबिवलीचा महिला बचत गट गोरेगावच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच तीन बाय तीन मीटरचा स्टॉल घेतोय. मसाल्यांसोबत गरम थालीपीठ चाखायला द्यायचं आहे. इंडक्शन, चहाची किटली, टीव्ही आणि छोटा फ्रिज लागेल. भाड्यात पाच अँपियरचा एकच प्लग आहे. एक्स्टेन्शन बोर्ड लावून भागेल का?

नाही भागणार, ताई. बोर्डाने प्लगची भोकं वाढतात, मिळणारी वीज तेवढीच राहते. हिशेब सोपा आहे : उपकरणावर लिहिलेल्या वॉटना २३० ने भागा, अँपियर मिळतात. २००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपियर ओढतं, १५०० वॉटची किटली साडेसहा. तुमचा प्लग ११५० वॉटपर्यंतच. त्यावर टीव्ही, फ्रिज आणि मोबाइलचे चार्जर चालवा. इंडक्शनसाठी पंधरा अँपियरचा वेगळा पॉइंट आयोजकांच्या विजेच्या फॉर्मवर आत्ताच मागा. ऐनवेळी मागितलात तर जादा पैसे पडतात आणि वायरही घाईघाईत ओढली जाते. किटली घरीच राहू द्या, चहा मोठ्या थर्मासमधून न्या.

एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारं बटण) पडली तर काम अडेल, पण धोका टळेल. खरी भीती एमसीबी न पडता प्लग तापण्याची. पिन सैल बसली की सांध्यापाशी उष्णता वाढते, प्लास्टिक मऊ होऊन काळं पडतं. आणि हे घडतं टेबलाच्या झालरीमागे, जिथे आपण रिकामी खोकी कोंबलेली असतात. म्हणून टेबलाखालचा बोर्डाचा कोपरा मोकळा ठेवा आणि दर दोन तासांनी कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकला लावून बघा. गरम लागला तर बटण बंद करून हॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोर्डात बोर्ड लावू नका. रीळाची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतून तापते. अर्थिंगची जाड पिन कापलेला प्लग आणूच नका.

एक गोष्ट नव्या लोकांना कोणी सांगत नाही : बहुतेक हॉलमध्ये रात्री स्टॉलची वीज बंद करतात. फ्रिजमध्ये ठेवलेलं दही आणि ओली चटणी सकाळपर्यंत कोमट होते, आणि दिसायला मात्र चांगलीच असते. चोवीस तासांची वीज वेगळी मागवावी लागते. ती घेणार नसाल तर दही रोज ताजं, बर्फाच्या डब्यातून आणा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. शेंगदाणे, तीळ असतील तर पाटीवर ठळक लिहा. तव्यापाशी लोकांचा हात पोचू नये म्हणून तो मागच्या टेबलावर ठेवा. गॅस सिलिंडरचा विचार सोडून द्या. हॉलमध्ये तो सहसा चालतच नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : वसईत आमचा पॅकिंग मशिनचा कारखाना आहे. गेल्या वर्षी प्रदर्शन संपल्यावर स्टॉल उतरवताना सुताराचा मदतनीस घडीच्या शिडीवरून पडला, मनगट मोडलं. कंत्राटदार म्हणतो, घाईत असं होतंच. आम्ही काय करू शकतो?

‘होतंच’ हे आम्हाला मान्य नाही. आवराआवरीच्या रात्री अपघात का होतात हे स्पष्ट आहे. संध्याकाळी प्रदर्शन संपतं, सकाळी हॉल रिकामा हवा असतो. माणसं दिवसभराची थकलेली, एसी बंद, अर्धे दिवे बंद. त्यातच मोठी दारं उघडून टेम्पो आणि फोर्कलिफ्ट आत येतात.

म्हणून काम देतानाच कागदावर क्रम लिहून घ्या. आधी माल आणि मशिन बाहेर. मग हॉलच्या इलेक्ट्रिशियनने वीज तोडायची, सुताराने नाही. नंतर दिवे, काचा, वरची नावाची पट्टी आणि शेवटी भिंती. खालचे स्क्रू आधी काढले की वरची पट्टी नुसती लटकते आणि शिडीवरचा माणूस तिलाच धरायला जातो.

घडीची शिडी पूर्ण उघडून कुलूपपट्टी लावायची, वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, खाली एकाने धरायची. दोन मीटरच्या वर काम असेल तर कठडा असलेली चाकांची परांची मागा. माणूस वर असताना ती ढकलायची नाही, चाकांना ब्रेक. हेल्मेट आणि बंद बूट सगळ्यांना. चपलेतून खिळा पायात जाणं ही त्या रात्रीची नेहमीची दुखापत. फळी खाली ठेवण्याआधी तिचे खिळे काढा किंवा वाकवा. खिळा लागलाच तर जखम धुऊन डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं किंवा जास्त झाली असतील तर पुन्हा लागतं.

तुमच्या मशिनचं म्हणाल, तर प्रात्यक्षिकासाठी गार्ड, म्हणजे हलत्या भागांवरचं आवरण, काढू नका. ‘आतलं दिसत नाही’ ही अडचण पारदर्शक पॉलिकार्बोनेटने सुटते. इमर्जन्सी स्टॉप रोज सकाळी दाबून तपासा.

प्रश्न : स्टॉलवर अग्निशामक कोणता ठेवावा? (ठाणे)

एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, तेल आणि गॅस अशा आगींसाठीचा) चालतो. इलेक्ट्रॉनिक माल असेल तर कार्बन डायऑक्साइडचा, कारण तो मागे भुकटी ठेवत नाही. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा. सिलिंडर स्टोअरच्या कपाटात नको, स्टॉलमधून बाहेर पडायच्या बाजूला हवा. पिन काढा, नळी ज्वाळेच्या मुळाशी, मग दाबून डावीउजवीकडे फिरवा. सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. एका सिलिंडरात आग विझली नाही तर माणसांना घेऊन बाहेर पडा, १०१ ला फोन करा. फोनवर नुसतं प्रदर्शनाचं नाव सांगून उपयोग नाही. हॉल क्रमांक आणि गेट क्रमांक सांगा. ते दोन आकडे पहिल्याच दिवशी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, खाली १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८.